चित्रपटांचे चित्रीकरणस्थळ : गोमंतक

(शतसांवत्सरिक महोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शापोऱ्याच्या किल्ल्याची वाट हणजुणे किंवा वागातोर येथे विचारणारा पाहुणा पुष्कळदा शापोऱ्याचे नावच घेत नाही. ‘दिल चाहता है’चा किल्ला कोठे आहे, असे तो विचारतो. २००१ साली आलेल्या त्या चित्रपटात तीन मित्र या किल्ल्याच्या तटावर समुद्राकडे तोंड करून बसतात. दृश्य काही क्षणांचेच आहे, पण तेव्हापासून तटाच्या त्याच भागावर बसून छायाचित्र काढून घेण्याचा परिपाठ पडला, तो अद्याप चालू आहे. आदिलशाहीत या स्थळाला शहापुरा म्हणत. १६८३-८४ च्या स्वारीत संभाजीराजांच्या फौजा बारदेशात उतरल्या, तेव्हा हा किल्ला मराठ्यांच्या हाती आला. आज दिसणारा तट पोर्तुगिजांनी १७१७ मध्ये उभारलेला आहे. तीन-सव्वातीनशे वर्षांचा हा सारा वृत्तांत ग्रंथालयांच्या कपाटांत आहे आणि किल्ल्याची आजची ओळख मात्र एका चित्रपटाने दिलेली आहे. यात खेद मानायचा की कौतुक, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उघड आहे. चित्रपट एखाद्या स्थळाचा उपयोग करून निघून जात नाही; त्या स्थळाला तो नवे नाव ठेवून जातो. म्हणूनच गोमंतकासारख्या लहान राज्याने या व्यवहाराकडे केवळ पर्यटनाची जाहिरात म्हणून पाहणे पुरेसे नाही.

राज्य लहान म्हणजे किती लहान? क्षेत्रफळ अवघे ३,७०२ चौरस किलोमीटर, लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार साडेचौदा लाखांच्या आसपास. एवढ्याशा भूमीत समुद्रकिनारा, खाड्या, खाजणे, पोफळीची कुळागरे, सह्याद्रीचे रान, दूधसागरसारखा धबधबा, पोर्तुगीज वळणाची शहरे, फोंडा महालातील देवालये आणि जुन्या गोव्यातील चर्चे ही सगळी एकमेकांपासून तास-दोन तासांच्या अंतरावर आहेत. चित्रपटाच्या हिशेबात अंतर म्हणजे पैसा. शंभर माणसांचे युनिट, जनरेटर, क्रेन, कपडेपट आणि स्वयंपाकाचे सामान घेऊन हलायचे असते. सकाळी किनाऱ्यावर आणि दुपारी रानात चित्रीकरण उरकता आले, तर निर्मात्याचा एक अख्खा दिवस वाचतो. निसर्गसौंदर्याच्या स्तुतीत हे रुक्ष कारण सहसा कोणी सांगत नाही. परंतु निर्मात्यांना गोव्याकडे ओढणाऱ्या कारणांत ते वरचे आहे.

आरंभीचा काळ मात्र वेगळा होता. १९६१ च्या १९ डिसेंबरपर्यंत गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता आणि १९५५ च्या सत्याग्रहानंतर भारताने सरहद्द बंद करून आर्थिक नाकेबंदी केली होती. अशा स्थितीत भारतीय चित्रसंस्थेने कॅमेरा घेऊन गोव्यात उतरणे दुरापास्तच होते. कथा मात्र सरहद्द ओलांडू शकत होती. सत्तरीतील आंबेडे गावी १९०६ मध्ये जन्मलेले पंडित महादेवशास्त्री जोशी हे या संदर्भात आठवतात. त्यांच्या कथांवरून ‘कन्यादान’ (१९६०) आणि ‘मानिनी’ (१९६१) हे मराठी चित्रपट निघाले व महाराष्ट्रभर नावाजले गेले. त्यांच्या पत्नी सुधाताई जोशी यांनी १९५५ च्या एप्रिलात म्हापशास सत्याग्रही अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले आणि पोर्तुगिजांचा तुरुंगवास पत्करला. लेखक गोव्याचा आणि त्याची कथा मराठी पडद्यावर, पण गोव्याची भूमी पडद्याबाहेर, असा तो काळ होता. कोकणीतील पहिला चित्रपट ‘मोगाचो आंवडो’ १९५० च्या २४ एप्रिल रोजी म्हापशाच्या एल कॅपितान चित्रगृहात झळकला होता, याचीही येथे नोंद करावयास हवी.

मुक्तीनंतर गोव्यात कॅमेरा आला तो साहजिकच मुक्तिलढ्याचा विषय घेऊन. आय. एस. जोहर यांनी ‘जोहर मेहमूद इन गोवा’ (१९६५) काढून या विषयाला विनोदाची फोडणी दिली. त्यानंतर १९६९ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांचा ‘सात हिंदुस्तानी’ आला. भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतील सहा तरुण आणि गोव्याची मारिया मिळून पोर्तुगीज ठाण्यांवर तिरंगा फडकवितात, अशी त्याची कथा आहे. अब्बास यांनी नटांना मुद्दाम परप्रांतीयांच्या भूमिका दिल्या. जलाल आगा सखाराम शिंदे हा मराठी माणूस झाला, मल्याळी नट मधू बंगाली झाला आणि अमिताभ बच्चन या अगदी नवख्या, उंच तरुणाच्या वाट्याला अन्वर अली हा कवी आला. तुटपुंज्या भांडवलावर काढलेल्या या चित्रपटाला राष्ट्रीय एकात्मतेचा पुरस्कार मिळाला. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती. मुंबईहून गोव्यात यायचे तर बोटीने तरी किंवा लोंढ्यावरून मीटरगेज गाडीने तरी. त्या खडतर प्रवासात भूमीविषयीचे कुतूहल होते. गोवा म्हणजे काय, हे देशाला नुकतेच कळू लागले होते आणि कॅमेराही तेच विचारीत होता.

परदेशी चित्रसंस्थांचेही लक्ष इकडे वळले. १९४३ च्या मार्चमध्ये मुरगाव बंदरात आसरा घेतलेल्या ‘एरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर कलकत्त्याच्या काही प्रौढ इंग्रज गृहस्थांनी गुप्तपणे हल्ला केला होता. ग्रेगरी पेक, रॉजर मूर आणि डेव्हिड निव्हन यांना घेऊन या घटनेवर ‘द सी वुल्व्ह्ज’ (१९८०) हा चित्रपट निघाला आणि त्याचे चित्रीकरण गोव्यातच झाले. पाठोपाठ १९८१ मध्ये ‘एक दूजे के लिये’ आला आणि दोना पावलाच्या धक्क्याला प्रेमिकांचे तीर्थक्षेत्र करून गेला.

तथापि गोव्याच्या भूमीचा उपयोग कसा करावा, याचा वस्तुपाठ म्हणून ज्या एका चित्रपटाकडे पुनःपुन्हा वळावे लागते, तो श्याम बेनेगल यांचा ‘त्रिकाल’ (१९८५). त्याचे चित्रीकरण लोटली गावी, व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या पूर्वापार घरात झाले. कथा १९६१ ची, पोर्तुगीज सत्ता मावळण्याच्या बेतात असतानाची. घरातील वृद्ध पुरुष मरण पावला आहे आणि त्याची विधवा दोना मारिया ते मरण मान्य करावयास तयार नाही. ही भूमिका लीला नायडू यांनी केली. छायालेखक अशोक मेहता यांनी रात्रीची दृश्ये मेणबत्त्यांच्या उजेडात टिपली, त्यामुळे त्या घराचे दिवाणखाने, उंच खुर्च्या, देव्हारे आणि लांबलचक जेवणाचे मेज ही नेपथ्याची सजावट न राहता राहत्या घरासारखी वाटतात. मराठी वाचकाने लक्षात ठेवावे असे स्थळ पुढे आहे. दोना मारिया प्लँचेट करून पतीच्या आत्म्याला बोलाविते आणि पतीऐवजी समोर येतो तो कुष्टोबा राणे, तिच्या पूर्वजांनी दगा दिलेला सत्तरीचा बंडखोर. पोर्तुगीज वळणाच्या दिवाणखान्यात राण्यांच्या बंडाचे भूत उभे राहते आणि त्या घराच्या भिंतींना एकाएकी दुसरा इतिहास फुटतो. गोव्याच्या दोन्ही परंपरा, एक दिवाणखान्यातली व एक रानातली, परस्परांचे देणे कसे लागतात, हे बेनेगल यांनी एका प्रसंगात दाखविले. त्यांना त्या वर्षीचे दिग्दर्शनाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. ‘त्रिकाल’मधील घर दुसऱ्या गावी नेता येणार नाही, नेले तर कथाच उरणार नाही. पुढील काळात निघालेल्या किती चित्रपटांविषयी असे म्हणता येईल?

पुढचा काळ संख्येचा आहे. १९८७ च्या ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली आणि हॉटेले, मोटारी, विमाने यांची सोय वाढत गेली. २००४ मध्ये भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे बिऱ्हाड गोव्यात आले आणि कायमचे राहिले. त्यासाठी पणजीतील जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या इमारतीची डागडुजी झाली, शेजारी नवे चित्रगृहसंकुल उभे राहिले, मांडवीचा काठ सजला. गोवा मनोरंजन सोसायटी ही सरकारी संस्था महोत्सवाबरोबरच चित्रीकरणाच्या परवान्यांचे काम पाहू लागली. त्याच वर्षी हॉलिवूडच्या ‘द बॉर्न सुप्रीमसी’चा आरंभ गोव्यात झाला, ओळख लपवून राहणाऱ्या नायकाचा अज्ञातवास दाखवायला हा किनारा निवडला गेला. ‘चेन्नई एक्स्प्रेस’ची (२०१३) गाडी दूधसागरावर थांबली. ‘फाइंडिंग फॅनी’ने (२०१४) बारदेशातील खेडी धुंडाळली. ‘डिअर जिंदगी’ने (२०१६) पर्ऱ्याच्या माडांनी वेढलेल्या रस्त्यावर सायकली फिरविल्या. २०२३ च्या जानेवारीत मोपा विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली आणि मुंबई, हैदराबाद, चेन्नई येथील युनिटांना दुसरे दार उघडले.

यात गोमंतकीयाच्या हाती काय पडते? पडते, आणि ते कमी लेखू नये. ज्याला लाइन प्रोड्युसर म्हणतात तो स्थानिक मध्यस्थ घरे शोधतो, परवाने मिळवितो, टेम्पो आणि होड्या ठरवितो. मोटारचालक, सुतार, रंगारी, इलेक्ट्रिशियन, जेवण पुरविणारे, ज्युनियर आर्टिस्ट म्हणून गर्दीत उभी राहणारी कॉलेजातील मुले, या सर्वांना थोडेफार काम मिळते. विशेष लाभ होतो तो जुन्या घरांना. गोव्याचा पावसाळा ज्याने पाहिला आहे, त्याला पोर्तुगीज काळातील मोठ्या घराचे छप्पर शाकारणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. दरवर्षी कौले उतरवायची, वाळवी लागलेले वासे बदलायचे, चुन्याचा गिलावा सांभाळायचा. वारस मुंबईत किंवा लिस्बनमध्ये आणि घरात दोन म्हातारी माणसे. आठ-दहा दिवसांच्या चित्रीकरणाचे भाडे अशा घराच्या एका पावसाळ्याची बेगमी करून जाते. युनिट गेल्यावर भिंतीचा रंग मात्र बहुधा त्यांच्या आवडीचा राहतो, हा भाग निराळा.

परंतु हा व्यवहार घरमालक आणि निर्माता या दोघांतच संपत नाही. गाव तिसरा असतो, आणि त्याला कोणी विचारलेले नसते. चित्रीकरणासाठी परवाने लागतात ते पुरातत्त्व खात्याचे, वनखात्याचे, रेल्वेचे, बंदर कप्तानाचे आणि पंचायतीचे. जुन्या गोव्याची चर्चे जागतिक वारशाच्या यादीत १९८६ पासून आहेत, तेथे तर नियम अधिक काटेकोर. कागद पूर्ण असतात, तरी रस्ता अडतो, जनरेटर रात्रभर धडधडतो आणि गावच्या वाट्याला कचरा येतो. २०२० च्या ऑक्टोबरात नेरूल येथे एका चित्रीकरणानंतर उघड्यावर टाकलेल्या कचऱ्यात महामारीच्या काळातील संरक्षक पोशाखही सापडले, तेव्हा गावकऱ्यांचा संताप उसळला आणि सरकारला दखल घ्यावी लागली. पर्ऱ्याच्या पंचायतीने २०१९ मध्ये तर रस्त्यावर छायाचित्र काढणाऱ्यांकडून शुल्क घ्यावयास आरंभ केला. चहूकडून टीका झाल्यावर ते मागे घेतले गेले, पण पंचायतीची बाजू अगदीच टाकाऊ होती असे नाही. चित्रपटामुळे झुंडी येतात. झाडणारा माणूस पंचायतीचा असतो. पणजीतील फोंताइन्हस भागात रहिवाशांना आपल्याच दारावर ‘छायाचित्र काढू नये’ अशा पाट्या लावाव्या लागल्या. सकाळी दार उघडावे तो उंबरठ्यावर नवरा-नवरीची जोडी आणि समोर कॅमेरा, असे रोज होऊ लागले तर गृहिणीने करावे तरी काय?

या प्रश्नाचे गंभीर रूप २०२१ मध्ये दिसले. एप्रिलच्या मध्यास महाराष्ट्र सरकारने साथीमुळे चित्रीकरणे बंद केली, तेव्हा मालिकांचे ताफे अन्य राज्यांकडे वळले. हिंदीबरोबर मराठी मालिकाही गोव्यात आल्या. निर्मात्यांचीही अडचण खोटी नव्हती. शेकडो कामगारांची रोजी त्या दैनंदिन भागांवर अवलंबून होती. पण त्याच पंधरवड्यात गोव्यातील रुग्णांची संख्या झपाट्याने वाढत होती आणि इस्पितळांत खाटा मिळत नव्हत्या. लोकांनी व विरोधी पक्षांनी विरोध केला आणि मे महिन्याच्या आरंभी परवाने रद्द झाले. मुंबईतील घराघरांत संध्याकाळी दिसणारी मराठी मालिका गोव्यातल्या एखाद्या बंगल्यात घडते आहे, हे बहुतेक प्रेक्षकांना कळलेही नसेल. कथेत गोवा नव्हताच. होती ती केवळ परवानगी मिळणारी जागा.

काणकोण तालुक्यातील लोलये गावच्या भगवती पठारावर चित्रनगरी उभारण्याचा विचार अलीकडच्या वर्षांत पुढे आला, तो याच वाटेवरचा. कायमचे स्टुडिओ असले तर कामे वर्षभर मिळतील, तरुणांना तंत्र शिकता येईल, असे समर्थक म्हणतात. गावातून विरोध झाला. बाहेरच्या माणसाला सडा म्हणजे उजाड कातळ वाटतो. गावकऱ्याला ठाऊक असते की पावसाचे पाणी तोच कातळ मुरवतो आणि उन्हाळ्यात खालच्या झरी जिवंत राहतात. गुरे तेथेच चरतात. हैदराबाद आणि मुंबईच्या चित्रनगऱ्यांशी तुलना करताना गोव्याचे आकारमान विसरले जाते. शिवाय एक साधी शंका अशी की, निर्माते गोव्यात येतात ते खऱ्या घरांसाठी आणि खऱ्या किनाऱ्यासाठी. पुठ्ठ्याचे गोवा बांधून त्यांना दाखविले, तर पुठ्ठ्याचे काम त्यांच्या स्वतःच्या शहरात अधिक स्वस्त होते.

आता पडद्यावरच्या माणसाकडे वळावे. हिंदी चित्रपटातील गोमंतकीय वर्षानुवर्षे एकाच साच्यात घडत आला : डोक्यावर हॅट, हातात बाटली, तोंडी मोडके हिंदी. ज्या मातीने मुंबईच्या चित्रसंगीताला सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांच्यासारखे वादक व संगीतयोजक दिले, त्या मातीचे पडद्यावरचे प्रतिनिधित्व विनोदी बेवड्याकडे जावे, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा. २०११ मध्ये ‘दम मारो दम’मधील गोव्याच्या स्त्रियांविषयीच्या एका संवादावरून वाद न्यायालयापर्यंत पोहोचला. त्या तुलनेत निशिकांत कामत यांच्या ‘दृश्यम’चा (२०१५) उल्लेख आवर्जून करावा लागतो. मूळ कथा मल्याळी, केरळातली; पण हिंदी रूपात नायक झाला विजय साळगावकर, गोव्याच्या एका लहान गावातील केबलवाला, संसारी, देवभोळा, चित्रपटवेडा. दिग्दर्शक मराठी असल्याचा परिणाम असेल कदाचित, पण या घरातील ओटा, स्वयंपाकघर आणि गावच्या खानावळीतील गप्पा ओळखीच्या वाटतात. दोन ऑक्टोबरला साळगावकर कुटुंब पणजीला सत्संगाला गेले होते की नव्हते, हा वाद आता दरवर्षी त्या तारखेला लोक हसत-हसत उकरून काढतात. किनाऱ्यापलीकडे राहणारा, मराठी-कोकणीत वाढलेला गोमंतकीय हिंदी पडद्यावर असा क्वचितच दिसला आहे. फोंडा महालातील जत्रा, उत्सवी नाटकांच्या रात्री, दशावतारी काले, ज्या मंगेशीत दीनानाथ मंगेशकर १९०० मध्ये जन्मले तेथील नाट्यसंगीताची परंपरा, ही सामग्री तर बाहेरून येणाऱ्या कॅमेऱ्याने जवळजवळ पाहिलीच नाही.

ती पाहावयाची तर इथल्याच माणसाने पाहिली पाहिजे, आणि तसे घडू लागले आहे. मराठी व कोकणी या दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या महाबळेश्वर सैल यांच्या कथेवरून लक्ष्मीकांत शेटगावकर यांनी ‘पलतडचो मनिस’ (२००९) काढला. रानात एकटा राहणारा वनरक्षक आणि गावाने वेडी म्हणून टाकलेली बाई एवढीच त्याची सामग्री; समुद्र त्यात जवळपास नाहीच. टोरोंटोच्या महोत्सवात त्याला आंतरराष्ट्रीय समीक्षकांचे पारितोषिक मिळाले. बार्ड्रॉय बार्रेटो यांच्या ‘नाचुंया कुंपासार’ने मुंबईत गेलेल्या गोमंतकीय वादकांची कथा सांगितली आणि तीन राष्ट्रीय पुरस्कार मिळविले. राजेंद्र तालक यांनी कोकणीबरोबर मराठीतही चित्रपट केले. राज्याच्या चित्रपट महोत्सवात मराठी आणि कोकणी या दोन्ही भाषांतील कृती शेजारी बसतात, भाषांचा वाद अन्यत्र कितीही तापलेला असो. अर्थसाहाय्याची योजनाही आहे. ती सातत्याने राबविली जात नाही, अशी तक्रार चित्रपटकर्त्यांकडून वारंवार ऐकू येते. परक्या युनिटाला एका खिडकीत परवाना आणि इथल्या दिग्दर्शकाला साहाय्याची दीर्घ प्रतीक्षा, हा क्रम उलटावयास हवा.

या ग्रंथालयाच्या सभासदांनी मनावर घेण्याजोगी एक गोष्ट आहे. कोणत्या गावात, कोणत्या घरात, कोणत्या साली कोणते चित्रीकरण झाले, याची नोंद अद्याप बव्हंशी लोकांच्या आठवणीत आहे. घरमालकांकडे छायाचित्रे असतील, करारपत्रे असतील, पंचायतींकडे अर्ज असतील. ‘सात हिंदुस्तानी’ किंवा ‘सी वुल्व्ह्ज’च्या वेळी गर्दीत उभी राहिलेली माणसे आज वृद्ध आहेत. स्थानिक इतिहासाच्या विभागात अशी एक वही उघडली आणि तिच्या शेजारी महादेवशास्त्री, लक्ष्मणराव सरदेसाई, महाबळेश्वर सैल यांची पुस्तके मांडली, तर स्थळ शोधीत येणाऱ्याला कथाही सापडेल.

कथा सापडली म्हणजे काय होते, याचे उदाहरण सांगे तालुक्यातील कुर्डी गावाचे आहे. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे हे गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. दरवर्षी मे महिन्यात पाणी ओसरते, पायवाटा, जोती आणि सोमेश्वराचे देऊळ वर येते आणि विस्थापित झालेली माणसे त्या दिवसांत गावी परततात. सौम्यानंद साही यांनी ‘रिमेंबरिंग कुर्डी’ (२०१६) या अनुबोधपटात हे परतणे चित्रित केले. चिखल वाळून भेगाळलेल्या जमिनीवरून एकेक जण आपले अंगण कोठे होते ते पावलांनी मोजीत जातो, आणि जूनचा पाऊस लागला की ते अंगण पुन्हा पाण्याखाली जाते.